ब्रिटनमध्ये घराच्या ‘अब्रू’पायी होणारा जाच: मदत कुणाकडे आणि कोणत्या क्रमाने मागायची

हा लेख ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी बायकांसाठी आहे. कुणी लग्न होऊन आलेली असेल, कुणी नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर, कुणी शिकायला. स्वतःला काही त्रास नाही, पण शेजारच्या फ्लॅटमधली किंवा मुलाच्या शाळेच्या फाटकाशी भेटणारी कुणीतरी अडकली आहे असं वाटतंय, अशांनीही वाचावा. कायद्याचं बोलणं मुख्यतः इंग्लंड-वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंडचे कायदे थोडे वेगळे आहेत, पण तिथेही मदतीचा मार्ग साधारण असाच जातो.

या प्रकारात सगळ्यात जास्त नुकसान क्रम चुकल्याने होतं. घरी आधी सांगितलं आणि मदत नंतर मागितली, व्हिसाचा अर्ज आधी टाकला आणि वकील नंतर गाठला, बॅग आधी भरली आणि फोनवरचं लोकेशन बंद करायचं राहून गेलं, अशा गोष्टींनी बायका पुन्हा अडकतात. म्हणून खालच्या पायऱ्या शक्यतो त्याच क्रमाने वाचा. जिवाला आत्ता धोका असेल तर मात्र वाचत बसू नका, ९९९ लावा. मोबाइलवरून लावला आणि बोलता येत नसेल तर सूचना ऐकू आल्यावर ५५ दाबा, म्हणजे फोन पोलिसांकडे जोडला जातो. ५५ दाबल्याने पोलिसांना तुमचा ठावठिकाणा कळेलच असं नाही, तेव्हा कुजबुजत का होईना, पत्ता सांगायचा प्रयत्न करा.

पहिली पायरी: हा त्रास कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा

नवरा मारतो, पैसे देत नाही, फोन तपासतो, हा घरगुती हिंसाचार झाला. त्यात ‘घराण्याचं नाव’, ‘समाजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही’, ‘तुझ्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय’ ही भाषा आली आणि जाच करणाऱ्यांत सासू, दीर, चुलत सासरे, कधी स्वतःचे आईवडील आणि भाऊही सामील झाले, की प्रकरण वेगळं होतं. इथले पोलीस आणि संस्था याला ‘ऑनर बेस्ड अब्यूज’ म्हणतात. फोनवर हेच शब्द वापरा. ते उच्चारले की समोरच्या माणसाची प्रश्नांची यादीच बदलते.

दुसऱ्या जातीतल्या किंवा धर्मातल्या मुलावर प्रेम केलं म्हणून घरात कोंडणं, घटस्फोट मागितला म्हणून माहेरच्यांनीच ‘नांदायला जा’ म्हणून धमकावणं, मुलगी समलिंगी आहे कळल्यावर घाईने स्थळ पाहणं, मूल होत नाही म्हणून भारतात पाठवून देण्याची भीती घालणं, कौमार्य तपासायला डॉक्टरकडे नेणं, हे सगळं यात येतं. यातल्या शेवटच्या प्रकाराला तर २०२२ च्या हेल्थ अँड केअर कायद्याने गुन्हाच ठरवलं आहे.

‘हे त्यांच्यात चालतं, आपल्यात नाही’ असं मराठी घरांत ठामपणे बोललं जातं. आंतरजातीय लग्नावरून पोटच्या मुलीचा जीव घेतल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. विमानात बसताना जात काही कुणी पुण्याला ठेवून येत नाही.

दुसरी पायरी: पहिला फोन कुणाला

सहसा पहिला फोन आईला जातो. साहजिक आहे, पण या एका प्रकारच्या त्रासात तो थोडा थांबवावा असं माझं स्पष्ट मत आहे. आई बाबांना सांगते, बाबा सासऱ्यांना फोन करतात, सासरे ‘बसून मिटवू’ म्हणतात आणि संध्याकाळपर्यंत तुमच्या हातातला पासपोर्ट कपाटाच्या कुलपात गेलेला असतो. आईचा हेतू चांगलाच असतो, पण बातमी पुढे कुठवर जाईल ते तिच्या हातात राहत नाही. मंडळातल्या काकू, नवऱ्याच्या मित्राची बायको, भिशीचा ग्रुप यांचंही तेच. हाउन्स्लो, स्लाव, हॅरो, रेडिंगकडची मराठी मंडळी एकमेकांना केवढी ओळखतात ते गणपतीच्या आरतीला एकदा गेलेल्या कुणालाही माहीत आहे.

तेव्हा पहिला फोन या वर्तुळाबाहेर, पण हे वर्तुळ ओळखणाऱ्या माणसाकडे जायला हवा. ‘लोक काय म्हणतील’ म्हणजे नेमकं काय, हे पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही, हा अल्पसंख्य समाजांतल्या बायकांनी अशाच बायकांसाठी उभ्या केलेल्या संस्थांचा खरा उपयोग. साधी संस्था विचारते, ‘नवऱ्यापासून लांब गेलात की सुरक्षित आहात ना?’ अशी संस्था विचारते, ‘नवऱ्याशिवाय आणखी कोण शोधत येईल? कुणाकडे टॅक्सी आहे? बँकेत, कौन्सिलमध्ये, दवाखान्यात नातेवाईक कोण?’

काही नावं लक्षात ठेवा:

कर्मा निर्वाणा १९९३ मध्ये जसविंदर संघेरा यांनी सुरू केली. सक्तीचं लग्न आणि अब्रूच्या नावाखालचा जाच यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन तीच चालवते: ०८०० ५९९९ २४७. सोमवार ते शुक्रवार, कामाच्या वेळात.

साउथॉल ब्लॅक सिस्टर्स १९७९ पासून पश्चिम लंडनमध्ये आहे. नवऱ्याच्या दहा वर्षांच्या मारहाणीनंतर त्याचा जीव घेतलेल्या किरणजीत अहलुवालियाची जन्मठेप १९९२ मध्ये अपिलात रद्द झाली, त्यामागे याच बायकांचा लढा होता. व्हिसावर आलेल्या, सरकारी मदतीचा हक्क नसलेल्या बायकांच्या प्रश्नांवर त्यांचा हात धरणारं क्वचितच कुणी आहे.

इक्रो ही २००२ मध्ये डायना नम्मी यांनी उभी केलेली संस्था मुख्यतः कुर्दी, इराणी, अरब, अफगाण बायकांसाठी. आपल्या उपयोगाची कमी, पण तिचं नाव ठाऊक असावं, कारण बनाझ महमूदच्या प्रकरणात न्याय मिळावा म्हणून ती ठाम उभी राहिली. दक्षिण लंडनची ही वीस वर्षांची मुलगी. आपल्याला कोण मारणार आहे याची नावं तिने पोलिसांना लिहून दिली होती. २००५ च्या ३१ डिसेंबरला बापाच्या तावडीतून खिडकीची काच फोडून ती पळाली, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. जानेवारी २००६ मध्ये तिचा खून झाला आणि पुढच्या वर्षी वडील आणि काका दोषी ठरले. आज पोलिसांच्या प्रशिक्षणात ‘अशा बाईला वाचवायची कदाचित एकच संधी मिळेल’ हा नियम इतक्या निक्षून सांगतात, तो अशाच प्रकरणांमुळे.

लंडनबाहेरही संस्था आहेत: ग्लासगोत हेमत ग्रायफ, एडिंबरात शक्ती, वेल्समध्ये बाउसो, रॉदरहॅममध्ये अपना हक, मिडल्सब्रोकडे हेलो प्रोजेक्ट, लिव्हरपूलला सवेरा. रात्री-अपरात्री किंवा शनिवार-रविवारी काहीच सुचलं नाही तर रेफ्यूज संस्था चालवते ती राष्ट्रीय घरगुती हिंसाचार हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत आहे: ०८०८ २००० २४७. स्कॉटलंडसाठी ०८०० ०२७ १२३४, वेल्ससाठी ०८०८ ८० १० ८००. तिथे फोन लागला की ‘मला दक्षिण आशियाई बायकांसाठीच्या संस्थेशी जोडून द्या’ असं सरळ सांगा.

तो फोन कसा जातो

पहिल्या फोनची धास्ती सगळ्यांनाच वाटते. खरं तर तो बऱ्यापैकी ठरलेल्या वळणाने जातो. पलीकडची बाई आधी विचारते, ‘आत्ता बोलणं सुरक्षित आहे का? आसपास कुणी आहे?’ मग, ‘मध्येच फोन तुटला तर मी परत करू का? दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगू?’ हा प्रश्न ऐकून बायका चमकतात, पण उत्तर तयार ठेवा: ‘दाताच्या दवाखान्यातून बोलतेय म्हणा’ किंवा ‘इंग्रजीच्या क्लासमधून’. एखादा परवलीचा शब्दही ठरवून घेता येतो. तो तुमच्या बोलण्यात आला की तिने फोन ठेवून द्यायचा किंवा पोलिसांना कळवायचं, ते आधीच ठरतं.

नाव सांगायची सक्ती नसते. आडनाव तर पहिल्या फोनला सांगूच नका, कारण आपल्याकडे आडनावावरून गाव आणि जात दोन्ही कळतात. ‘काय हवंय’ असं विचारलं आणि उत्तर सुचलं नाही तरी बिघडत नाही. ‘मला अजून काही ठरवायचं नाही, फक्त माझ्यापुढे काय वाटा आहेत ते कळायला हवं’ एवढं पुरतं. फोन केला म्हणून घर सोडावंच लागेल असं कुणी म्हणणार नाही.

पुढे कधीतरी ती तुम्हाला प्रश्नांची एक लांब यादी विचारेल. गळा दाबलाय का, जिवे मारायची धमकी दिली आहे का, गरोदर आहात का, घरात एकटं कोंडतात का. तिला ‘डॅश’ म्हणतात आणि तीवरून धोका किती मोठा ते ठरतं. इथे ‘तसं काही फार नाही हो’ ही आपली सवय आवरा. गळा दाबला असेल तर दाबला म्हणा, एकदाच असलं तरी. धोका मोठा ठरला तर पोलीस, कौन्सिल, दवाखाना आणि संस्था यांची ‘मॅरॅक’ नावाची गुप्त बैठक होते आणि तुमच्या बाजूने बोलायला ‘इडवा’, म्हणजे स्वतंत्र सल्लागार, मिळते.

दुभाषी हवा असेल तर मागून घ्या, पण अट घाला: फोनवरचा आणि दुसऱ्या शहरातला. मराठी दुभाषे मोजके असतात. तुमच्या गावातला प्रत्यक्ष आला तर तो तुमच्या नवऱ्याच्या क्रिकेट टीममधला निघायची शक्यता खरीच असते. नात्यातल्या कुणालाही किंवा मुलाला दुभाषी करू देऊ नका. हिंदी चालत असेल तर हिंदी बोलणारी कार्यकर्ती बहुतेक ठिकाणी लगेच मिळते.

तिसरी पायरी: फोन, ईमेल आणि व्हिसाचं खातं

इथे जरा सावकाश जाऊ, कारण नव्याने आलेल्या बायका नेमक्या इथे फसतात.

आपल्या घरांत व्हिसाचा अर्ज बहुधा नवराच भरतो. ईमेल त्याचा, मोबाइल नंबर त्याचा. पूर्वी हातात प्लॅस्टिकचं बीआरपी कार्ड तरी असायचं. २०२४ अखेर त्या कार्डांची मुदत संपली आणि आता सगळं ई-व्हिसावर आहे. म्हणजे या देशात राहायचा तुमचा पुरावा एका ऑनलाइन खात्यात आहे आणि त्या खात्यात शिरायला लागणारा कोड ज्या फोनवर किंवा ईमेलवर जातो तो नवऱ्याच्या ताब्यात. नोकरी, भाड्याचं घर, बँक, सगळीकडे लागणारा ‘शेअर कोड’ याच खात्यातून निघतो. एवढंच नाही, तर गृहखात्याने तुमच्या व्हिसाबद्दल काही पत्र पाठवलं तर तेही त्याच्याच इनबॉक्समध्ये पडणार आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

तेव्हा आधी स्वतःचा नवा ईमेल काढा, घराबाहेरच्या यंत्रावर. सार्वजनिक लायब्ररीत संगणक वापरायला मिळतो. पासवर्ड मुलाच्या वाढदिवसाचा नको. मग यूकेव्हीआयच्या, म्हणजे वर सांगितलेल्या ई-व्हिसाच्या, खात्यातला ईमेल आणि फोन बदलायचा, पण तो कधी बदलायचा हे कार्यकर्तीला विचारून ठरवा. बदल झाल्याची सूचना जुन्या ईमेलवर जाऊन घरी संशय येऊ शकतो. काही जणींसाठी हे काम घर सोडल्याच्या दुसऱ्या तासाला करण्याचं असतं.

फोनवर व्हॉट्सॲपचे ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघा, गूगल मॅप्सवर लोकेशन शेअर होतंय का बघा, आयफोन असेल तर ‘फॅमिली शेअरिंग’ बघा. सापडलं तरी लगेच बंद करू नका. बंद केलं की पलीकडे कळतं. नोंद ठेवा आणि मदतीचे फोन दुसऱ्याच कुठल्या फोनवरून करा: मैत्रिणीच्या, दवाखान्याच्या, मुलांच्या शाळेच्या ऑफिसमधून. दवाखान्यातली नर्स किंवा शाळेची सेफगार्डिंग पाहणारी शिक्षिका हे ऐकून घाबरून जात नाही, ते तिचं कामच आहे.

चौथी पायरी: कागद

पासपोर्ट, लग्नाचं प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले, नॅशनल इन्शुरन्स नंबर, बँकेची स्टेटमेंट्स, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. मूळ कागद काढता येत नसतील तर फोटो काढून नव्या ईमेलवर पाठवा आणि फोनमधून पुसा, ‘डिलीटेड’च्या फोल्डरमधूनही. पासपोर्टचा नंबर तरी पाठ करा.

दागिन्यांचं थोडं वेगळं आहे. स्त्रीधन तुमचं आहे, भारतीय कायद्यानेही. पण घर सोडून गेलेल्या बाईविरुद्ध ‘सोनं चोरून पळाली’ अशी तक्रार करणं ही सासरची जुनी खेळी, आणि इथेही खेळली जाते, कारण त्या निमित्ताने पोलीसच तिला शोधून देतात. तुमचंच असलेलं न्या, पण कार्यकर्तीला आधी सांगा की हे हे नेतेय. लग्नातले दागिने घातलेले फोटो जपून ठेवा. सासूबाईंच्या पाटल्यांना हात लावू नका, कितीही राग असला तरी.

जखम झाली असेल तर जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या सरकारी डॉक्टरकडे, जा आणि नोंद करायला सांगा. व्हिसा कुठलाही असो, जीपीकडे जायला पैसे पडत नाहीत. ती नोंद पुढे मोफत वकील मिळवताना पुरावा म्हणून चालते.

पाचवी पायरी: व्हिसा

‘एक ईमेल केला की तुझा व्हिसा कॅन्सल’, ही धमकी जवळपास प्रत्येकीने ऐकलेली असते. नवऱ्याला व्हिसा रद्द करता येत नाही. तो अधिकार फक्त गृहखात्याचा. नातं संपलं असं तो कळवू शकतो, आणि मग गृहखातं तुमची मुदत कमी करणारं पत्र पाठवू शकतं. त्यात बहुधा ६० दिवस देतात. ते पत्र कुठे जातं हे वर आलंच आहे.

पुढचा रस्ता नवऱ्याच्या दर्जावर ठरतो, म्हणून आधी तो नक्की करून घ्या.

नवरा ब्रिटिश नागरिक किंवा कायमच्या वास्तव्याचा हक्क असलेला असेल आणि तुम्ही त्याची पत्नी म्हणून व्हिसावर असाल, तर तुमची बाजू भक्कम आहे. ‘मायग्रंट व्हिक्टिम्स ऑफ डोमेस्टिक अब्यूज कन्सेशन’ नावाच्या सवलतीखाली तीन महिन्यांची परवानगी आणि सरकारी मदतीचा हक्क मिळतो. २०१२ पासून ही सवलत वेगळ्या नावाने होतीच. त्या तीन महिन्यांत घरगुती हिंसाचाराच्या आधारावर थेट कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. पैसे नसतील तर फी माफ होते आणि या अर्जासाठी सरकारी खर्चाने वकीलही मिळू शकतो. तीन महिने मात्र भराभर जातात, अर्ज त्याच्या आत गेला पाहिजे.

नवरा स्किल्ड वर्कर किंवा विद्यार्थी व्हिसावर असेल, म्हणजे आयटीतली बहुतेक मराठी घरं, तर जरा थांबा. १६ फेब्रुवारी २०२४ पासून ही तीन महिन्यांची सवलत डिपेन्डन्ट, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर आलेल्या, बायकांनाही मिळू लागली आहे, पण तिच्यापुढे कायमच्या वास्तव्याची वाट नाही. शिवाय सवलत घेतली की तुमचा आधीचा डिपेन्डन्ट व्हिसा संपतो आणि या देशात राहूनच दुसऱ्या व्हिसावर जाणं अवघड होऊन बसू शकतं. डिपेन्डन्ट असताना तुम्हाला नोकरी करायची मोकळीक असते. नोकरी असेल, कंपनी स्वतः स्पॉन्सर करायला तयार असेल, तर आधी स्वतःचा व्हिसा हा जास्त शहाणा रस्ता ठरू शकतो. कुणासाठी विद्यार्थी व्हिसा, कुणासाठी मुलाच्या हक्कावरचा अर्ज, कुणाला मायदेशी जिवाला धोका असेल तर संरक्षणाचा दावा. म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय सवलतीचा फॉर्म पाठवू नका. तो फॉर्म सोपा दिसतो, आणि तीच पंचाईत आहे. इमिग्रेशनचा सल्ला नोंदणीशिवाय देणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे, त्यामुळे ‘माझ्या ओळखीचा एक एजंट आहे’ या वाटेला जाऊच नका.

व्हिसाची मुदत संपलेली असेल तर पोलिसांआधी विशेष संस्थेला फोन करा. पोलीस अशा बाईची माहिती गृहखात्याला देतात, हा प्रश्न साउथॉल ब्लॅक सिस्टर्स आणि लिबर्टी या संस्थांनी २०१८ मध्ये अधिकृत तक्रारीने लावून धरला आणि २०२० मध्ये पोलिसांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणांनीही त्यावर ताशेरे ओढले. तरी माहितीची ही देवाणघेवाण पूर्ण थांबलेली आहे असं धरून चालू नका. अर्थात जीव धोक्यात असेल तर ९९९ आधी.

सहावी पायरी: निघणं आणि नंतरचे दिवस

घर सोडलेल्या बायकांना आसरा देणारं घर म्हणजे रेफ्युज (त्याच नावाची संस्था वेगळी). ते आश्रम किंवा सुधारगृह नव्हे, मनातून ते चित्र काढून टाका. नेहमीच्या वस्तीतलं पाटी नसलेलं घर असतं. प्रत्येकीला आणि तिच्या मुलांना एक खोली, त्या खोलीची किल्ली, स्वयंपाकघर मात्र सामायिक. फ्रिजमध्ये जिच्या तिच्या नावाचा कप्पा, फळीवर कुणाचं बेसन, कुणाची मसूर डाळ, आणि तवा कुणी घासायचा यावरून होणारी कुरबुर. दक्षिण आशियाई बायकांसाठीच्या रेफ्युजमध्ये शाकाहारी भांडी वेगळी ठेवायची म्हटलं तर कुणी तुमच्याकडे विचित्र नजरेने बघत नाही, एवढी छोटी गोष्टही पहिल्या आठवड्यात फार मोठी वाटते. पत्ता कुणालाच सांगायचा नाही, हा नियम आईलाही लागू. मोठा मुलगा असेल तर आधी विचारा, काही ठिकाणी किशोरवयीन मुलांना घेत नाहीत.

जागा शोधायचं काम हेल्पलाइन किंवा संस्था करते. तुमच्या सासरचे, माहेरचे नातेवाईक कुठल्या कुठल्या शहरात आहेत ती यादी द्या, म्हणजे तो भाग टाळता येतो. सरकारी मदतीचा हक्क नसेल तर जागा मिळणं कठीण जातं, कारण रेफ्युजचं भाडं बहुतांशी हाउसिंग बेनिफिटमधून, म्हणजे घरभाड्यासाठीच्या सरकारी मदतीतून, भरलं जातं. अशा वेळी साउथॉल ब्लॅक सिस्टर्ससारख्या संस्थांचा निधी उपयोगी पडतो. मुलं सोबत असतील तर १९८९ च्या चिल्ड्रन कायद्याच्या कलम १७ खाली कौन्सिल व्हिसा न बघताही मदत करू शकते. तिथून ‘परतीचं तिकीट काढून देतो’ असं उत्तर आलं तर तिथल्या तिथे मान डोलावू नका. ‘माझ्या सल्लागाराशी बोलून सांगते’ म्हणा.

सरकारी मदतीचा हक्क असेल तर कुठल्याही कौन्सिलकडे बेघर म्हणून अर्ज करता येतो, तुम्ही राहत होता तिथल्याच असं नाही. हिंसाचारातून बाहेर पडलेल्या बाईला प्राधान्य द्यायचं असं २०२१ च्या डोमेस्टिक अब्यूज कायद्याने ठरवलं आहे.

निघाल्यावर पहिल्या दिवशीच (व्हिसाची मुदत संपलेली असेल तर आधी संस्थेला विचारून) पोलिसांना कळवा की मी स्वतःहून गेले आहे, सुरक्षित आहे, आणि माझा ठावठिकाणा कुणाला सांगू नये. घरचे ‘हरवली’ म्हणून तक्रार करतात तेव्हा ही नोंद तुमच्या बाजूने उभी राहते. नव्या गावात जीपीकडे नाव घालताना, बँकेत पत्ता बदलताना तुमचं प्रकरण संवेदनशील आहे हे सांगा. जुनं जॉइंट अकाउंट असेल तर त्या कार्डाने नव्या गावात दूधसुद्धा घेऊ नका. दुकानाचं नाव स्टेटमेंटमध्ये दिसतं.

आणि मग सुरू होतात भावनिक फोन. बाबांना ॲडमिट केलंय. आजीने अन्न सोडलंय. एकदा ये, बसून बोलू, काका मध्ये पडायला तयार आहेत. काही वेळा ते खरंही असतं. पण चार वडीलधाऱ्यांनी बसून मिटवण्याची आपली पद्धत या प्रकरणांत जिवावर बेतू शकते, आणि म्हणूनच पोलिसांनी अशी मध्यस्थी करू नये असं सरकारी मार्गदर्शनच सांगतं. बातमी खरी आहे का ते कार्यकर्तीकडून तपासून घेता येतं.

कोर्ट

इथे थोडक्यात. ‘नॉन-मोलेस्टेशन ऑर्डर’, म्हणजे त्रास द्यायला मनाई करणारा कोर्टाचा आदेश, १९९६ च्या फॅमिली लॉ कायद्याखाली मिळते, तिला फी नाही, आणि ती नवऱ्याबरोबर सासू, दीर, भाऊ अशा नातेवाइकांविरुद्धही मागता येते. वकिलाला सगळी नावं द्या. नुसतं नवऱ्याविरुद्ध आदेश काढला तर दिराला रान मोकळं. ही ऑर्डर मोडली तर पाच वर्षांपर्यंत कैद. सक्तीच्या लग्नाची भीती असेल तर ‘फोर्स्ड मॅरेज प्रोटेक्शन ऑर्डर’, २००८ पासून, हीही विनाशुल्क. कोर्ट पासपोर्ट जमा करून घेऊ शकतं आणि कोर्टाच्या परवानगीने मैत्रीणसुद्धा ती मागू शकते. सक्तीचं लग्न लावणं हा १६ जून २०१४ पासून गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. २७ फेब्रुवारी २०२३ पासून अठरा वर्षांखालच्या मुलीचं लग्न ठरवणं सक्ती नसली तरी गुन्हाच. मारहाण नसताना नुसता पैशांवर, येण्याजाण्यावर, बोलण्यावर सततचा ताबा हाही २०१५ च्या सीरियस क्राइम कायद्याखाली गुन्हा आहे.

भारताचं तिकीट हातात पडलं तर

दोन प्रकार होतात. इथे वाढलेल्या मुलीला ‘चुलतभावाचं लग्न आहे’ म्हणून नेतात आणि तिचंच लग्न लावतात. किंवा व्हिसावर आलेल्या सुनेला ‘महिनाभर माहेरी राहून ये’ म्हणून नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि नवरा एकटा परततो.

जायचं नसेल तर विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या जागी घरच्यांपासून क्षणभर वेगळं होता येतं. तिथल्या कुठल्याही कर्मचाऱ्याला सांगा. बोलणं शक्य नसलेल्या मुलींना कर्मा निर्वाणाने एक युक्ती सांगितली होती: अंतर्वस्त्रात चमचा लपवा. यंत्र वाजतं, तपासणीसाठी बाजूला नेतात, आणि तिथे एकांत मिळतो. जावंच लागणार असेल तर पासपोर्टची प्रत, परतीची तारीख आणि भारतातला पत्ता विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, आणि फोर्स्ड मॅरेज युनिटला आधी कळवा: ०२० ७००८ ०१५१, भारतातून लावताना +४४ २० ७००८ ०१५१. हे सरकारी कार्यालय परदेशात मुख्यतः ब्रिटिश नागरिकांसाठीच हालचाल करू शकतं, भारतीय पासपोर्ट असलेल्या सुनेने त्यावर विसंबू नये.

तशा सुनेला, नवरा ब्रिटिश किंवा कायम वास्तव्याचा असेल तर, जानेवारी २०२४ पासून भारतातूनच परतीचा अर्ज करता येतो. २०२२ मध्ये लंडनच्या हाय कोर्टाने अशा बायकांना वगळणं बेकायदा ठरवलं त्यानंतर हे झालं. डिपेन्डन्ट व्हिसावालीला ही सोय नाही. भारतात तिने १८१ महिला हेल्पलाइन आणि राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष गाठावा. छळ लंडनला झाला म्हणून तक्रार इथे घेता येत नाही असं पोलीस ठाण्यात कुणी म्हणालं तर रूपाली देवी खटल्याचा निकाल सांगा: सासर सोडून बाई जिथे आसऱ्याला आली तिथे तक्रार करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. पूर्वीचं ४९८अ कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ वं आहे.

तुम्ही मैत्रीण किंवा शेजारीण असाल तर

तिच्या नवऱ्याशी ‘समजुतीने’ बोलायला जाऊ नका, तुमच्या नवऱ्यालाही पाठवू नका. मेसेजवर विषय काढू नका, तिचा फोन कोण वाचतंय ते तुम्हाला माहीत नाही. ती एकटी असताना विचारा आणि ती जे सांगेल ते ‘बापरे, ते तर किती सभ्य वाटतात’ न म्हणता ऐका. हेल्पलाइनला तुम्ही स्वतःही फोन करू शकता, तिचं नाव न सांगता. तिचे कागद ठेवायला एक पाकीट, फोन करायला तुमचा फोन, मुलांना शाळेतून आणायला एक दुपार, एवढं देता आलं तर द्या. तिला तुमच्या घरी लपवायचं मात्र टाळा. नातेवाईक पहिल्यांदा मैत्रिणींचीच दारं वाजवतात. आणि ती दोनदा जाऊन परत आली, तिसऱ्यांदाही गेली नाही, तर चिडून बोलणं तोडू नका. नंबर तिच्याकडे ठेवायचा झाला तर ‘पार्लर’ किंवा ‘भाजीवाली’ अशा नावाने सेव्ह करून द्या.